चुकून भलतीच जमीन विकली किंवा घेतली गेली तर? सारखे सारखे येणारे प्रश्न

दस्त आणि सर्चचं काम करतो म्हटल्यावर रोज कुणीतरी व्हॉट्सअॅपवर सातबाऱ्याचा तिरका फोटो पाठवतं आणि खाली एवढंच लिहितं, "सर जरा बघा ना". एकच उत्तर वीसदा टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून हे एका जागी लिहून ठेवलंय. सगळं महाराष्ट्राबद्दल आहे, गोव्याचा एक प्रश्न शेवटाकडे आहे.

वाचायच्या आधी एक लक्षात घ्या. चूक चार जागी असू शकते: दस्तात, सातबाऱ्यात, प्रत्यक्ष बांधावर, नाहीतर थेट मालकीत. चारींची दारं वेगळी आहेत. लोकांचं नुकसान चुकीपेक्षा चुकीच्या दारात दोन-तीन वर्षं बसून राहिल्यामुळे जास्त होतं.

1. सातबाऱ्यावर माझं नाव आहे, म्हणजे मीच मालक ना?

बहुतेक वेळा हो, पण सातबाऱ्यामुळे नाही. मालकी येते खरेदीखत, वारसा, वाटप, बक्षीसपत्र, कोर्टाचा हुकूमनामा अशा गोष्टींनी, सातबारा फक्त त्याची महसुली नोंद. महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे ती नोंद खरी धरली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. सुप्रीम कोर्टाने हे कितीदा सांगितलंय की महसुली नोंदीने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. त्यामुळे नाव चुकून उडालं तर जमीन गेली असं नाही, आणि चुकून लागलं तर मिळाली असंही नाही.

गावातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना 8 तर त्याहून कच्चा, तो घरपट्टीचा कागद आहे. लोक त्यावर लाखांचे व्यवहार करतात, मला अजून समजलेलं नाही का.

2. सब-रजिस्ट्रारने दस्त नोंदवून घेतला, म्हणजे त्यांनी मालकी तपासलीच असणार?

नाही. ते ओळख बघतात, स्टॅम्प बघतात, सही देणारा समोर आहे का बघतात. विकणारा खरा मालक आहे का हे ठरवणं त्यांचं काम नाही. तामिळनाडूत मालकीचे कागद दाखवल्याशिवाय दस्त घ्यायचा नाही असा नियम केला होता, तो एप्रिल 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने के. गोपी केसमध्ये रद्द केला, कारण नोंदणी कायदा त्या अधिकाऱ्याला मालकी तपासायचा अधिकारच देत नाही. तेव्हा "रजिस्टर खरेदी आहे हो" हे वाक्य ऐकून निवांत होऊ नका. भलत्याच माणसाने भलतीच जमीन विकल्याचा दस्तही रजिस्टर होतो आणि त्याचा सूची क्रमांक 2 (दस्ताचा गोषवारा) पण छान छापून येतो.

3. जमीन घ्यायच्या आधी नेमकं काय काय बघायचं? वकील नुसतं "सर्च काढतो" म्हणतात.

सर्च म्हणजे साधारण 30 वर्षांचे दस्त सब-रजिस्ट्रारच्या सूचीतून बघणं. ते हवंच, पण ते अर्धंच काम आहे.

आधी सातबारा आणि 8अ (खात्याचा उतारा). सरकारी साइटवर सातबारा फुकट दिसतो तो माहितीपुरता, 15 रुपये भरून डिजिटल सहीचा काढा, कागदपत्रात तो चालतो. मग सातबाऱ्यावर जे फेरफार नंबर कंसात दिसतात ना, ते एकेक करून सगळे मागवा, जुने हस्तलिखित असले तरी. खरी गोष्ट तिथे असते. कुणाच्या मयतीनंतर वारस लावताना दोन मुलींची नावं राहिली, 1970 च्या आसपास वाटणी झाली पण नोंद फक्त तोंडी जबाबावर, असलं सगळं फेरफारात सापडतं, सातबारा बघून कधीच कळत नाही. "आपली चावडी"वर चालू फेरफाराच्या नोटिसा दिसतात, तिथेही नजर टाका, म्हणजे तुम्ही इसार देताय तेव्हाच दुसऱ्याच कुणाची नोंद चालू आहे का ते कळतं.

इतर हक्काचा रकाना शब्दन् शब्द वाचा. सोसायटीचा ई-करार (कर्जाची नोंद), बँकेचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, रस्ता, भूसंपादनाचा शेरा. भोगवटादार वर्ग 1 (मोकळी विकता येते) की 2 (परवानगीशिवाय विकता येत नाही) हेही बघायचं (प्रश्न 15). तारण नोंदलंय का ते सर्साईवर (तारणांची केंद्रीय नोंदवही) वेगळं बघता येतं. विकणाऱ्याच्या नावाने आणि जमलं तर त्याच्या भावाबहिणींच्या नावाने ई-कोर्ट्सवर केस शोधा. सर्च क्लिअर आणि तालुक्याच्या कोर्टात वाटणीचा दावा चालू, हे मी एका वर्षात तीनदा बघितलंय.

पेपरात जाहीर नोटीस द्या, पण ज्या पेपरला त्या गावात लोक वाचतात त्यात. सांगलीच्या जमिनीची नोटीस मुंबईच्या इंग्रजी पेपरात देऊन काय उपयोग, कोर्टातही त्याचं वजन पडत नाही.

आणि जमिनीवर जा. एकट्याने, एजंटशिवाय, एका संध्याकाळी. आजूबाजूच्या चार जणांना विचारा कोण कसतंय. हे नुसतं शहाणपण नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 3 प्रमाणे प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या माणसाच्या हक्काची तुम्हाला माहिती होती असंच धरलं जातं. तो तिथे ज्वारी काढत असताना तुम्ही "मला माहीतच नव्हतं" म्हणू शकत नाही.

4. मोजणी दस्ताच्या आधी करायची की नंतर केली तर चालेल?

आधी. यावर मी जरा जास्त बोलतो कारण घरात घडलंय.

माझ्या मामांनी 38 गुंठे घेतले. एजंटने जागा दाखवली, रस्त्याला लागून, मधे मोठा आंबा, त्याच आंब्याखाली बसून इसाराचे पैसे मोजले. दस्त झाला, नोंद झाली, पेढे वाटले. दीड वर्षाने कुंपण घालायचं म्हणून मोजणी मागवली. मोजणीवाल्यांनी मशीन लावलं, मामेभाऊ चुन्याची पाटी घेऊन मागे मागे, आणि खुणा ओढ्याच्या पल्याड पडायला लागल्या. आधी वाटलं मशीनच बिघडलंय. तेवढ्यात आंब्याच्या शेताचा मालक चहाची किटली घेऊन आला, अगदी प्रेमाने म्हणाला, "पाव्हणं, ही आमची. तुमची ती पल्याड, काटवन दिसतंय ना, ती."

दस्त बरोबर होता, गट नंबर बरोबर, सातबारा बरोबर. दाखवली तेवढी जागा भलती. आणि दाखवलेली जागा हीच होती याचा एक कागद नाही, एक फोटो नाही, एजंट म्हणतो मी असं बोललोच नाही. विकणाऱ्याने तर खरंच स्वतःचीच जमीन विकली होती. त्याच्यावर फसवणुकीचा दावा लावायचा तर सिद्ध काय करणार? मामांकडे आजही ते काटवनच आहे.

म्हणून लँड रेकॉर्डला अर्ज करून हद्द कायम मोजणी करून घ्या, विकणाऱ्याच्याच नावाने करावी लागते, इसाराच्या करारातच तशी अट टाका. "क" प्रत (मोजणीचा नकाशा) हातात आली की ती दस्ताला जोडा. खुणांवर उभं राहून विकणाऱ्यासकट फोटो काढा, मोबाइलचं लोकेशन चालू ठेवून. विकणारा मोजणीला का कू करत असेल तर तिथेच उत्तर मिळालं समजा.

5. खरेदीखतात गट नंबर चुकलाय. 117 च्या जागी 171 पडलाय. व्यवहार गेला का?

गेला नाही, बहुतेक. कोर्ट बघतं की दोघांना नेमकी कुठली जमीन द्यायची-घ्यायची होती. चतुःसीमा, क्षेत्र, जुना सर्व्हे नंबर, आधीच्या दस्ताचा उल्लेख, ताबा, हे सगळं एकाच जमिनीकडे बोट दाखवत असेल तर नंबरची चूक ही नुसती वर्णनातली चूक. सुप्रीम कोर्टाची शिवध्यान सिंह विरुद्ध सनिचरा कुअर ही जुनी केस यावर कायम दाखवतात, तिथे प्लॉट 1060 चा 160 झाला होता, एक शून्य गळालं होतं, बाकी वर्णन जुळत होतं, म्हणून विक्री 1060 चीच धरली.

पण कोर्टापर्यंत जायचंच कशाला. विकणारा हयात आहे आणि बोलतोय तोवर चूक दुरुस्ती दस्त करून घ्या, मूळ दस्त जिथे झाला त्याच ऑफिसात, मूळ दस्ताच्या सगळ्या पार्ट्यांच्या सह्यांनी. नुसती चूक असेल तर स्टॅम्प नाममात्र लागतो. मात्र दुरुस्तीच्या नावाखाली जमीनच बदलत असाल, क्षेत्र वाढवत असाल, तर तो नवा व्यवहार धरून पूर्ण ड्युटी मागतात, आणि ते बरोबरच आहे.

एक फालतू वाटणारी पण महत्त्वाची गोष्ट, 171 हा गट गावात खरंच कुणाचा तरी असतो. त्या माणसाच्या सातबाऱ्यावर तुमच्या दस्ताने फेरफार धरला गेला असेल तर तो आधी हरकत घेऊन थांबवा, नाहीतर एका चुकीची दोन भांडणं होतात. फेरफाराची नोटीस निघाल्यापासून हरकतीला 15 दिवस असतात.

6. विकणारा दुरुस्तीला सही देत नाही, जास्तीचे पैसे मागतोय. किंवा वारलाच आहे.

वारला असेल तर त्याचे सगळे वारस सही देऊ शकतात, सगळे म्हणजे सगळे, लग्न होऊन गेलेल्या मुलीसुद्धा.

देत नसतील तर दिवाणी कोर्टात विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 26 खाली दस्त दुरुस्तीचा दावा. दाखवायचं एवढंच की दोघांचीही चूक झाली किंवा फसवणूक झाली, आणि त्यामुळे दस्तात खरा इरादा उतरला नाही. फक्त तुमचीच गफलत असेल तर या कलमाचा उपयोग नाही. आणि मधल्या काळात तिसऱ्याने चांगल्या भावनेने, पैसे मोजून ती जमीन घेतली असेल तर कोर्ट त्याच्या हक्काला धक्का लावत नाही. म्हणून उशीर नको. मुदतीचं प्रश्न 11 मध्ये.

7. चूक दस्तात नाही, सातबाऱ्यात आहे. तरी कोर्टात जायचं?

आधी तहसीलदार. महसूल संहितेच्या कलम 155 खाली लेखनप्रमाद, म्हणजे लिहिण्यातली चूक, दुरुस्त होतो. हस्तलिखितावरून ऑनलाइन सातबारा केला तेव्हा टायपिंगच्या हजार भानगडी झाल्या, 0.80 चं 0.08 झालं, "बाबू"चा "बाळू" झाला, आणेवारी (हिश्श्याचं प्रमाण) गळाली. जुना हस्तलिखित उतारा आणि फेरफार जोडून अर्ज करा, काम होतं, वेळ लागतो.

पण 155 ही जादूची कांडी नाही. "माझा हिस्सा जास्त आहे", "त्याची नोंद चुकून प्रमाणित झाली" असले वाद त्यात बसत नाहीत. फेरफार चुकीचा मंजूर झाला असेल तर कलम 247 खाली अपील, प्रांतांकडे, 60 दिवसांत, उशीर असेल तर कारणासकट विलंबमाफीचा अर्ज. आणि मूळ वाद मालकीचा असेल तर महसूलची सगळी माणसं शेवटी तुम्हाला हेच सांगणार की दिवाणी कोर्टात जा, मग चार वर्षांनी ऐकण्यापेक्षा आज ऐका. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात अजून भाऊसाहेबच म्हणतात, पण नाव काहीही असो, मालकी ठरवायचा अधिकार त्यांना नाही.

8. आम्ही 2 एकर विकली आणि दस्तात क्षेत्र वेगळंच पडलं. आता घेणारा म्हणतो लिहिलंय तेवढं द्या.

इथे सगळ्यात जास्त घोळ गुंठा आणि आर यांचा. लोक दोन्ही एकच धरतात. गुंठा 1089 चौरस फूट, आर म्हणजे 100 चौरस मीटर, साधारण 1076 चौरस फूट. दोन एकर म्हणजे 80 गुंठे, ते झाले जवळपास 81 आर. दस्तात 80 आर लिहिलं की हजार स्क्वेअर फूट कुठेतरी गेलं. शेतात कुणी भांडत नाही, हायवेकडेला हजार फुटावर खून पडतील.

दुसरा घोळ पोटखराब्याचा, म्हणजे पीक न येणाऱ्या भागाचा. सातबाऱ्यावरचं एकूण क्षेत्र पोटखराबा धरून असतं, विकणारा पिकाऊ तेवढं मनात धरून बोलतो, घेणारा एकूण.

क्षेत्र आणि चतुःसीमा जुळत नसतील तर सीमा स्पष्ट, पक्क्या असल्यास सहसा सीमांना वजन, क्षेत्र "अंदाजे" समजतात. पण दस्तात "दर गुंठा इतके" असा भाव लावून रक्कम काढली असेल तर पारडं क्षेत्राकडे झुकतं. तुमचा दस्त काढा आणि किंमत कशी लिहिलीय ते बघा. पूर्व-पश्चिमेला "शेजाऱ्याची जमीन" एवढंच लिहिलं असेल, आणि बऱ्याच दस्तात तेवढंच असतं, तर मोजणी आल्याशिवाय कोण बरोबर हे कुणीच सांगू शकणार नाही.

9. मला व्यवहार मोडायचाय. मी एकटा जाऊन रद्दपत्र नोंदवू का?

एकतर्फी नाही. मालकी एकदा गेली की दोघांनी मिळून रद्द करायचं, नाहीतर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 31 खाली कोर्टातून. सब-रजिस्ट्रार नोंदलेलं खरेदीखत रद्द करू शकत नाही.

रद्द कधी होतं? दोघंही एका मूलभूत वस्तुस्थितीबद्दल चुकले असतील तर करार कायद्याच्या कलम 20 प्रमाणे करारच शून्य. समजा दोघांनाही वाटलं ही वर्ग 1 ची मोकळी जमीन आहे आणि ती आधीच संपादित झालेली निघाली. मग कलम 65 प्रमाणे ज्याने जे घेतलं ते परत, पैसे घेणाऱ्याला, जमीन विकणाऱ्याला. पण चूक एकट्याचीच असेल तर कलम 22, करार मोडत नाही. एकट्याची चूक आणि समोरच्याने ती मुद्दाम करवून घेतली असेल तर ती चूक राहत नाही, फसवणूक होते, तिथे परत दार उघडतं.

10. मी स्वस्तात विकली, वर्षाने रिंग रोड जाहीर झाला. ही चूकच ना?

नाही. किमतीबद्दलचा अंदाज चुकणं ही वस्तुस्थितीची चूक नाही, कलम 20 च्या खालीच तसं स्पष्टीकरण छापलंय. वाईट वाटतं, मान्य.

11. दावा लावायला किती वर्षं असतात?

दस्त रद्द करायला किंवा दुरुस्त करायला 3 वर्षं. रद्द करण्याचे 3 वर्षं कारण कळल्यापासून मोजतात, चूक किंवा फसवणूक असेल तर मुदत कायद्याचं कलम 17 मदतीला येतं, म्हणजे चूक कळली किंवा नीट लक्ष दिलं असतं तर कळली असती तेव्हापासून. तो "लक्ष दिलं असतं तर" भाग दुखतो, कारण सही तुमची, दस्त रजिस्टर, प्रत तुमच्या कपाटात, मग 9 वर्षांनी कळलं कसं?

मालकीच्या जोरावर ताबा मागायचा दावा 12 वर्षं, समोरच्याचा ताबा प्रतिकूल झाल्यापासून. सही खोटी, माणूसच तोतया, अशा दस्ताने मालकी जातच नाही, त्यामुळे तिथे हिशोब बहुतेक या 12 वर्षांचा बसतो, पण म्हणून 11 वर्षं थांबू नका राव. अज्ञानाची, म्हणजे 18 च्या आतल्या मुलाची स्वतःची जमीन आईवडिलांनी कोर्टाच्या परवानगीशिवाय विकली असेल तर तो सज्ञान झाल्यावर 3 वर्षांत ती विक्री मोडू शकतो. घेणाऱ्यांनी हे उलटं वाचा: विकणाऱ्यात "अ.पा.क." (अज्ञान पालनकर्ता) दिसलं की थांबा आणि कोर्टाची परवानगी मागा.

12. भावाने एकट्याने सगळी विकली, बहिणीची सही नाही. खरेदी शून्य का?

पूर्ण शून्य नाही. भावाचा हिस्सा गेला, बहिणीचा गेला नाही. घेणारा आता बहिणीसोबत सहमालक, त्याला वाटणीचा दावा लावता येतो पण रस्त्याकडेचाच तुकडा माझा असं म्हणता येत नाही. भाऊ कर्ता म्हणून कुटुंबाच्या खऱ्या गरजेसाठी विकली म्हणेल, ते त्याने किंवा घेणाऱ्याने सिद्ध करायचं.

2020 च्या विनीता शर्मा निकालानंतर मुलीचा हक्क जन्मापासून, वडील 2005 च्या आधी गेलेले असले तरी. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी झालेल्या विक्री-वाटण्या त्याने उघडत नाहीत. आणि "बहिणीने तलाठ्यापुढे हक्क सोडल्याचा जबाब दिलाय" हे मला रोज ऐकवतात. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायला रजिस्टर हक्कसोडपत्र लागतं, जबाबाने नाव उतरतं, हक्क उतरत नाही.

सामायिक सातबाऱ्यात एक-दोन गुंठे घेतलेल्यांची हीच गत, तुमच्या नावावर अविभक्त हिस्सा आहे, प्लॉट नाही. त्यात तुकडेबंदी वेगळी. 2023 पासून बहुतेक जिल्ह्यांत किमान क्षेत्र जिरायत 20 गुंठे आणि बागायत 10 गुंठे आहे, 2025 मध्ये शहरांलगतच्या रहिवासी भागांसाठी सवलती आल्या, तुमचं गाव त्यात बसतं का ते तहसीलला विचारूनच पैसे द्या.

13. एकच जमीन दोघांना विकली. मी दुसरा. माझं काय?

पहिल्याचं खरेदीखत रजिस्टर असेल तर तुम्हाला विकायला विकणाऱ्याकडे काही उरलंच नव्हतं. तुमची नोंदणी आधी झाली तरी उपयोग नाही, दस्त नोंदला की तो सही झाल्या तारखेपासून लागू होतो आणि नोंदणीला चार महिने असतात. म्हणजे पहिल्याने 1 तारखेला सही घेतली, तुम्ही 10 ला सही घेऊन 10 लाच नोंदवलं, त्याने महिन्याने नोंदवलं, तरी तो पहिला.

पहिल्याकडे नुसतं साठेखत (पुढे विकण्याचा करार) असेल तर चित्र बदलतं. तुम्ही पैसे मोजून, चांगल्या भावनेने, त्या साठेखताची माहिती नसताना घेतली असेल तर तुम्हाला संरक्षण आहे. साठेखत रजिस्टर असेल किंवा तो जमिनीवर बसलेला असेल तर "माहिती नव्हती" चालत नाही (प्रश्न 3, शेवटचा भाग).

विकणाऱ्याकडून पैसे आणि नुकसानभरपाई मागता येतेच. पोलिसात पण जाता येतं, भारतीय न्याय संहितेचं कलम 318, जुनं 420. पण एफआयआरने जमीन मिळत नाही आणि दिवाणी दाव्याची मुदतही थांबत नाही. नुसत्या चुकीला पोलिस केस करायला जाऊ नका, हायकोर्टात रद्द होते आणि तोवर तडजोडीचं वातावरण गेलेलं असतं.

14. सातबारा माझ्या नावाचा, कसतोय शेजारी, आणि मी कसतोय ती त्याच्या नावाची. आजोबांपासून असंच आहे.

एकत्रीकरणात गट पडले तेव्हाची ही देणगी. गावोगाव आहे. यासाठीच 3 जानेवारी 2023 ची सलोखा योजना, अदलाबदलीच्या दस्ताला स्टॅम्प 1000 आणि नोंदणी फी 1000, बस. अटी अशा की शेतजमीनच हवी, परस्परांच्या जमिनीचा परस्परांकडे किमान 12 वर्षं ताबा हवा, तलाठी-सर्कलचा पंचनामा हवा आणि दोघंही राजी हवेत. खरी अडचण शेवटच्या अटीत असते. अर्ज करताना योजनेची मुदत चालू आहे ना ते तेवढं बघा.

दोघांपैकी एकाने मधेच "आपली" जमीन सातबाऱ्यावरून तिसऱ्याला विकली की मात्र महाभारत. तुम्ही तो तिसरा असाल तर प्रश्न 4 परत वाचा.

15. वर्ग 2, वतन, कुळाची जमीन चुकून परवानगीशिवाय घेतली. दुरुस्ती दस्ताने होईल?

नाही, ही दस्तातली चूक नाही. प्रत्येकाची वाट वेगळी. कुळकायद्याच्या कलम 32म ची (कुळाला विकत मिळालेली) जमीन असेल आणि प्रमाणपत्राला 10 वर्षं झाली असतील तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) 40 पट नजराणा भरून विकता येते, तो चुकलेला भरून घेता येतो का हे प्रांत-तहसीलमध्ये बघा. (हा 1948 चा कायदा पश्चिम महाराष्ट्र-कोकणाचा, विदर्भ आणि मराठवाड्याचे कुळकायदे वेगळे आहेत, लोक सरसकट कलमं फेकतात.) घेणारा शेतकरीच नसेल तर याच कायद्याचं कलम 63 आडवं येतं. वतनाच्या जमिनीला कलेक्टरची परवानगी आणि मोठा नजराणा, 2025 मध्ये मुंढव्याच्या वतन जमिनीचा व्यवहार पेपरांत किती गाजला ते आठवत असेलच. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीने महसूल संहितेच्या कलम 36अ च्या मंजुरीशिवाय घेतली असेल तर ती वाचवायचा मार्ग शोधत बसू नका.

16. बापाची जमीन मुलाने आपली म्हणून विकली, नंतर बाप वारला. आता खरेदी पक्की का?

हा मजेशीर आहे. विक्रीच्या दिवशी मुलाकडे काहीच नव्हतं. पण "मी मालक आहे" असं खोटं किंवा चुकून सांगून पैसे घेतले, आणि नंतर ती मालकी त्याला मिळाली, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 43, घेणारा ती मागू शकतो, व्यवहार तोवर मोडलेला नसेल तर. मिळणार मात्र मुलाच्या वाट्याला आलं तेवढंच, आई-बहिणींचा वाटा नाही. आणि घेणाऱ्यालाही आधीपासून माहीत असेल की बाप जिवंत आहे आणि जमीन त्याची आहे, तर तो फसलेला नाही, त्याला 43 मिळत नाही.

17. प्लॉट 14 घेतला, लेआउटच्या खुणा चुकल्या आणि घर 15 वर बांधलं.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 51 सगळे दाखवतात, चांगल्या भावनेने बांधकाम केलं तर त्याची किंमत मिळते किंवा जागा विकत मागता येते. पण ते दस्ताने घेतलेल्या जागेची मालकी नंतर टिकली नाही तर. तुमच्या दस्तात 14 आहे, 15 तुम्हाला कुणी विकलेलाच नाही, त्यामुळे 51 चा आधार इथे लंगडा. 15 वाल्याशी बोला. अदलाबदल दस्त करा, ड्युटी दोन्हींपैकी जास्त किमतीवर बसते (सलोखा इथे नाही, ती शेतीपुरती). त्याने घर बांधायच्या आधी बोला म्हणजे झालं, कारण तोही बहुतेक 16 वर बांधणार असतो.

18. मी परदेशात आहे, भावाच्या नावाने कुलमुखत्यार देऊन घेतोय.

एनआरआयना शेतजमीन खरेदी करता येत नाही, वारसाने आलेली ठेवता येते. बिगरशेती घ्या. तिकडे केलेलं कुलमुखत्यार इकडे पोचल्यापासून तीन महिन्यांत स्टॅम्प करून घ्यायचं, हे लोक विसरतात. विकणाऱ्याच्या बाजूने कुलमुखत्यार असेल तर देणारा जिवंत आहे का हे व्हिडिओ कॉल करून बघा, तो वारला की अधिकार संपला.

19. गोव्यातही हेच नियम?

दस्त-नोंदणीचे केंद्रीय कायदे तेच, पण सातबाऱ्याच्या जागी फॉर्म एक-चौदा, आणि तिथल्या नागरी संहितेमुळे नवराबायकोची मिळकत सहसा सामायिक धरतात. विकणाऱ्याच्या बायकोची सही नसलेला दस्त तिकडे घेऊ नका. वारसांसाठी इन्व्हेंटरीचे (वारस ठरवून वाटणी करायच्या प्रक्रियेचे) कागद मागा. गोव्यातला वकील करा, कोल्हापूरचा नको.

20. चूक दोघांना मान्य आहे, दुरुस्ती करायची आहे, पण मूळ दस्त बँकेत तारण आहे. बँक म्हणते आम्ही देणार नाही.

मूळ दस्त लागतोच असं नाही, सब-रजिस्ट्रारकडून प्रमाणित प्रत घ्या. बँकेला लेखी कळवा की तारणातला गट नंबर चुकीचा आहे, सोबत मोजणीची "क" प्रत जोडा. हे कळल्यावर बँकेची घाई तुमच्यापेक्षा जास्त असते, कारण कागदावर त्यांनी भलत्याच माणसाच्या शेतावर कर्ज दिलेलं असतं. ना हरकत पत्र घ्या, दुरुस्ती दस्त झाल्यावर बोजाची नोंद जुन्या गटावरून काढून बरोबर गटावर चढवायचा अर्ज त्याच दिवशी द्या, आणि ज्याच्या गटावर चुकून बोजा चढला त्याला (प्रश्न 5 मधला 171 वाला) त्याच्या सातबाऱ्याची कोरी प्रत नेऊन दाखवा, तो बिचारा सोसायटीच्या पीककर्जासाठी चार महिने अडकून पडलेला असतो.